परसातला खोटा ठिपका

"तुमच्या परसात बिळं आहेत का हो, असं विचारत होता एक जण," सासूबाई म्हणाल्या. त्या पालेभाजी निवडत बसल्या होत्या आणि मी नुकतीच ऑफिसातून येऊन दारात चपला काढत होते. "मी म्हटलं, बिळं कसली विचारतोस, उंदरांचं औषध विकायला आलायस का? तर नुसता हसला. भिंगरीला चॉकलेट देऊन गेला."

"आणि तिने घेतलं?"

"घेतलं, खाल्लं, वर कागदही चाटला. तुझीच लेक."

माझी लेक तेव्हा खाटेवरून जमिनीवर आणि जमिनीवरून खाटेवर उड्या मारत होती. ती चालायला लागली त्याच दिवशी धावायलाही लागली, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. झोपेतसुद्धा तिचे पाय सायकल चालवतात.

"आई, काका विचारत होते, अंगावर कौलं असलेलं मांजर इथे येतं का," ती मधल्या एका उडीत म्हणाली.

"मग तू काय सांगितलंस?"

"मी सांगितलं, ते तर माझ्या आईचं आहे!"

हातातली चप्पल हातातच राहिली. सासूबाई काहीतरी बोलत होत्या, भाजीत अळी निघाल्याचं वगैरे. मला फक्त मागच्या दाराची कडी दिसत होती. ती नुसती अडकवलेली होती.

मी पालिकेच्या नकाशा विभागात काम करते. आमच्या लहानशा शहरात काय काय आहे ते शोधून कागदावर आणायचं, हे गेली दोन वर्षं आमचं काम. दुकानं आणि घरं नव्हेत. झरे, दलदल, जुनी झाडं, वटवाघळांच्या जागा, मधमाश्यांची पोळी असलेले कडे, पाणी मुरणारी माळरानं. पुढच्या आराखड्यात रस्ता कुठून न्यायचा, घरं कुठे बांधू द्यायची आणि कुठे काही म्हणता काही करायचं नाही, ते या नकाशावरून ठरणार. विभाग म्हणजे एक खोली, तीन टेबलं, आमच्या मॅडम, मी आणि एक सहकारी. त्याला सगळे होकायंत्र म्हणतात, कारण तो जेवून परत येताना स्वतःच्या टेबलाचा रस्ता चुकतो. पण झाड ओळखण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

आणि आमच्या शहराच्या हद्दीत एक खवल्या मांजर आहे. लावलेल्या कॅमेऱ्यात ती पहिल्यांदा दिसली तेव्हा आम्ही तिघंही खुर्चीवरून उठलो होतो. अंगभर खवले, नाक मुंगीच्या वारुळात, आणि शेपटीच्या मुळाशी घट्ट पकडून बसलेलं एवढंसं पिल्लू. आई चालतेय आणि लेकरू शेपटीवर बसून फिरायला निघालंय. मॅडम सहसा हसत नाहीत, पण त्या म्हणाल्या, "हिला पाळणाघर शोधायला नको."

त्या दिवशी घरी येऊन मी भिंगरीला त्या आईची गोष्ट सांगितली. कुठे राहते ते सोडून सगळं सांगितलं. घाबरली की ती अंगाचा गोळा करते, डोकं पोटात घेते, वरून नुसते खवले राहतात, मग वाघ आला तरी उघडू शकत नाही. तेव्हापासून आमचा खेळच झाला. आंघोळ झाली, टॉवेलात गुंडाळली, की मी म्हणायचे, "खवल्या हो!" आणि ती गुडघे पोटाशी घेऊन गोळा व्हायची. मी कानामागे फुंकर घालीपर्यंत उघडायची नाही. दिवसभरात ती स्थिर असायची ती तेवढीच.

खवल्या मांजराला खवल्यांसाठी मारतात. एका जनावराचे चांगले पैसे येतात म्हणे. म्हणूनच आमच्या कामात एक रीत आहे. अशा जिवांची खरी जागा फक्त मॅडमच्या कपाटातल्या संगणकात असते. लोकांना हरकती घेता याव्यात म्हणून जो नकाशा खुला करतो, त्यात ठिपका मुद्दाम सरकवलेला असतो. कुठल्याही दिशेला, अर्ध्या किलोमीटरच्या आत. सरकवतो संगणक. आम्ही फक्त एवढंच तपासतो की ठिपका खऱ्या जागेच्या फार जवळ तर पडला नाही ना. ठिपका सरकवलेला आहे हे मात्र कुठेच लिहीत नाही.

खुला नकाशा लोकांसमोर येऊन आठवडाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन पर्ससुद्धा न ठेवता मी तो उघडला. खवल्या मांजराचा ठिपका धरून उपग्रहाच्या छायाचित्रात जवळ जवळ जात राहिले. आधी आमचा भाग आला, मग टेकडीच्या पायथ्याची शेवटची ओळ. मग एक पत्र्याचं छप्पर, त्यावर निळं प्लास्टिक. ते प्लास्टिक गेल्या वर्षी नवऱ्याने चढवलं होतं आणि उतरताना शिडी माझ्या कुंड्यांवर पाडली होती. छपरामागे पेरूचं झाड. झाडाखाली झोपाळा. झोपाळ्यावर ठिपका.

"अरे, हे तर तुझं घर," मागून होकायंत्र म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादी जागा अचूक ओळखली आणि मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून डोळे चोळले. मी म्हटलं, "ठिपका हलवा मॅडम. आत्ताच्या आत्ता."

"हलवला तर काय होईल सांग. तुलाच विचारते."

मला माहीत होतं. म्हणूनच राग येत होता. ठिपका हलला की बघणाऱ्याला कळतं, ठिपके हलतात, म्हणजे खरे नाहीत. पहिल्या ठिपक्याभोवती एक वर्तुळ काढायचं, दुसऱ्याभोवती दुसरं. खरी जागा दोन्ही वर्तुळं जिथे एकमेकांवर चढतात तेवढ्याशा तुकड्यात. आम्ही जितक्या वेळा हलवू तितका तो तुकडा बारीक होणार.

"आणि अर्धा किलोमीटर ही गोष्ट या इमारतीत किती जणांना माहीत आहे?" मॅडम म्हणाल्या. "कुणाच्या तरी तोंडून जाईलच. तुझ्या घरावर लक्ष ठेवायला मी पोलिसांना पत्र देते. तोवर घरी काही बोलू नकोस."

पोलिसांनी विचारलं, त्या माणसाने काही केलं का? नुसतं विचारलं? विचारायला बंदी नाही, बाई.

घरी बोलू नकोस म्हणणं सोपं होतं. सासूबाईंना एखादी गोष्ट सांगणं म्हणजे चौकात भोंगा लावणं. त्या मनाने साफ आहेत, पण त्यांच्या पोटात पाणीही राहत नाही. मी एवढंच म्हटलं, "भिंगरीला एकटीला मागे सोडू नका. साप निघालाय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"लोक."

"मग ते काल दोघं जण कुंपणाशी उभे होते ते साप बघायला आले असतील," सासूबाई म्हणाल्या. "बराच वेळ उभे होते. पाणी मागितलं, दिलं. चांगली माणसं होती. एकाने भिंगरीचं नाव विचारलं."

आता रोज कोणीतरी यायला लागलं. एकदा काळी जीप समोरच्या वळणावर थांबून राहिली, आत कोण आहे ते दिसेना. एकदा एक बाई आली. मुंग्यांची वारुळं औषधाला हवीत म्हणाली आणि बोलता बोलता तिची नजर पेरूच्या बुंध्यावरून फिरत राहिली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असे, आणि त्या खिडकीतूनच टेकडीची ती बाजू दिसते. पडक्या वीटभट्टीच्या मागचा उतार. तिथेच ती होती, पिल्लासकट. कोणी समोर असलं की मला सारखी भीती वाटायची, माझेच डोळे तिकडे जातील. मी भांड्यांकडे बघत राही. घासलेलं भांडं पुन्हा घासत राही.

मग एके सकाळी परसात तीन खड्डे निघाले. कुंपणाची तार वर उचललेली, झोपाळ्याखालची माती बाहेर. आम्ही चौघं भिंतीच्या या बाजूला झोपलो होतो आणि त्या बाजूला कोणीतरी कुदळ मारत होतं. भिंगरी खड्ड्यात उतरून म्हणाली, "आई, बघ, मी बुटकी झाले!"

तेव्हा मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शीतगृहात कामाला आहे, फार बोलत नाही. खड्डे बुजवता बुजवता त्याने सगळं ऐकलं. मग फावडं रोवून म्हणाला, "म्हणजे ते जनावर इथे नाहीच."

"नाही."

"आणि ते आहे कुठे, हे तुला माहीत आहे."

"हो."

"मग सांगून टाक की त्यांना."

"अरे..."

"अगं, जनावर महत्त्वाचं की पोर?" त्याचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "तुझ्या ऑफिसात बसून ठिपका ठेवला आमच्या दारात. ठेवणारा कोण आहे? संगणक! त्याला पोर आहे का?"

शेपटीवर बसलेलं ते पिल्लू माझ्या डोळ्यांसमोर होतं, हे त्याला कसं सांगणार? आपल्या मुलीच्या जागी दुसऱ्या कुणाचं लेकरू उभं करायचं, असला हिशेब माझ्याकडून होत नव्हता. आणि आपली मुलगी समोर असताना हा हिशेब सुचतो तरी कसा, याचीही लाज वाटत होती. मी म्हटलं, "रविवारपर्यंत थांब. सोमवारी मॅडमशी बोलते. नाही जमलं तर आपण माझ्या आईकडे जाऊ."

"आणि घर मोकळं सोडू? मग तर जमीन नांगरूनच ठेवतील."

रविवारी दुपारी मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. भिंगरी माझ्या पायात घुटमळत चिमटे देत होती. एक लाल, एक निळा, एक लाल. मी ओली चादर पिळून पसरली, तिच्या कडा ताणल्या, आणि हात पुढे केला तर चिमटा आला नाही.

मी चादर बाजूला सारली.

ती पेरूच्या मागे, नळाच्या ओल्या गवतात उभी होती, खाली बघत.

"आई, बघ, माझ्या पायात बांगडी!"

तारेचा फास होता. बारीक, दुहेरी पिळाची तार, गवतात उभी केलेली. तिचा उजवा पाय घोट्यापर्यंत आत होता. तारेचं दुसरं टोक वाकवून खाली आणलेल्या एका फांदीला बांधलेलं, आणि ती ताणलेली फांदी बोटभर लांबीच्या खुंटीने जेमतेम अडवून धरलेली. हे मी ओळखते. सर्वेक्षणात अशा तारा आम्ही पोतंभर गोळा केल्या होत्या. पाय ओढला की खुंटी सुटते, फांदी उसळते आणि तार आवळते. एका तारेत कोल्ह्याचा पाय सापडला होता. नुसता पाय.

माझा चेहरा बघून भिंगरीचं हसू गेलं. तिने दोन्ही हात पसरले. आता ती रडणार होती, आणि रडू आलं की ती एकच गोष्ट करते. धावत माझ्याकडे येते.

'हलू नकोस' म्हटलं असतं तर ती हललीच असती. आजवर ती ऐकून कधी थांबलीय? माझ्या तोंडून निघाला तो आंघोळीनंतरचा, टॉवेलातला, खोटा आनंदी आवाज होता.

"भिंगरी, खवल्या हो!"

ती थबकली.

"वाघ आला बघ! पटकन, खवल्या हो!"

आणि माझी लेक होती तिथेच खाली बसली, गुडघे पोटाशी घेतले, डोकं आत घातलं आणि गोळा झाली. पाय तारेतच, पण अंगाशी. तार ढिली होती.

मी तिच्याकडे धावले नाही. गुडघ्यांवर रांगत गेले, गवतालाही धक्का लागू नये अशी. तोंडाने सारखी बोलत होते. वाघ आला, वाघ वास घेतोय, वाघाला काही सापडत नाही. डाव्या हाताची बोटं तारेत आणि तिच्या घोट्याच्या मध्ये सरकवली. उजव्या हाताने फास रुंद केला. तिची टाच बाहेर आली, मग अंगठा, आणि त्याच क्षणी खुंटी सुटली. फांदी सपकन वर गेली. तार माझ्या तळहातात रुतली.

दुखलं असेल. मला फक्त तिचा पाय दिसत होता, चिखलाने भरलेला, अखंड. त्यावर एक तांबूस रेघ, मोजा घट्ट झाला की उमटते तशी.

ती अजून गोळाच होती. आतून बारीक आवाज आला, "आई, फुंकर घाल ना. मला उघड."

मी तिच्या कानामागे फुंकर घातली. मग तिला असं धरलं की ती म्हणाली, "अगं, दाबतेस!"

नवरा तिला दवाखान्यात दाखवायला घेऊन गेला. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं. सासूबाई देवासारख्या गप्प बसल्या होत्या. त्यांना मी पहिल्यांदाच अशा पाहत होते. माझ्या हाताला त्यांनीच फडकं बांधलं.

ऊन उतरत असताना कुंपणाशी तो आला. चॉकलेटवाला. साधा माणूस, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. फास बघायला आला होता.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही नकाशा ऑफिसातल्या ना? तुमची लेक सांगत होती." आवाजात आदर होता. "आम्हाला तुम्हाला त्रास द्यायचा नाही. फक्त जागा सांगा. परत या वाटेला कोणी फिरकणार नाही, माझा शब्द."

त्याच्या खांद्यावरून सरळ वीटभट्टी दिसत होती. मी एकदा मान वर केली असती तरी पुरलं असतं. बोलायचीही गरज नव्हती. एक नजर, आणि भिंगरी उद्या पेरूखाली झोपाळ्यावर बसली असती. मी माझ्या हातावरच्या फडक्याकडे बघितलं. मग नळापाशी जाऊन फांदीपासून सोडवून टाकलेली ती तार उचलली आणि कुंपणावरून त्याच्यापुढे धरली. रक्त सुकून काळं पडलं होतं.

"उशीर झाला तुम्हाला," मी म्हटलं. "गेलं ते. पहाटे कोणीतरी नेलं."

त्याने तार हातात घेतली. बोटाने रक्त घासलं, नाकाशी नेलं. मग बुजवलेल्या खड्ड्यांकडे पाहिलं. "तार आमची आहे," तो सावकाश म्हणाला. "जनावर कोणी नेलं?"

"मला काय माहीत? गाडीचा आवाज आला."

"एकटंच होतं? की पिल्लू होतं?"

तो माझी परीक्षा घेत होता का, ते मला अजून कळलेलं नाही. "होतं," मी म्हटलं. "शेपटीवर बसलेलं. तेही नेलं." आणि मला रडू फुटलं. ते रडणं खोटं नव्हतं. दुपारपासून अडवून ठेवलेलं होतं, ते त्या माणसासमोर वाहायला लागलं आणि थांबेना. माझ्या मागे सासूबाई उभ्या होत्या. त्यांना काडीइतकंही माहीत नव्हतं, पण त्या पुढे आल्या आणि कडाडल्या, "बघतोस काय? रडवलीस ना तिला? चालता हो! तुझ्या त्या जीपवाल्यांनाच विचार जा!"

जीप हा शब्द ऐकून त्याचा चेहरा बदलला. त्याने तार गुंडाळली, पिशवीत घातली आणि तो झपझप निघाला. वळणावर जाऊन एकदा मागे बघितलं. त्याचा विश्वास बसला होता की नव्हता, त्या नजरेवरून सांगता येईना.

सोमवारी मी बांधलेला हात मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"बाकीचे ठिपके कुठे पडलेत?" मी विचारलं.

त्यांनी कपाट उघडलं. आम्ही तिघं एकेक खोटा ठिपका जवळ आणत बसलो. हे आम्ही कधी केलंच नव्हतं. मधाच्या कड्याचा ठिपका एका शाळेच्या मैदानात. चंदनाचा, दवाखान्याच्या मागच्या अंगणात. घुबडाचा कुणाच्या तरी गच्चीवर, जिथे वाळत घातलेले कपडे दिसत होते. प्रत्येक ठिपका हलवलेला, खऱ्या जागेपासून पुरेसा लांब, नियमाप्रमाणे. आणि प्रत्येक ठिपका कुणाच्या तरी डोक्यावर.

होकायंत्र म्हणाला, "आपण रिकामी जागा आहे असं धरून चाललो होतो."

दुपारपर्यंत मॅडमनी ठिपके काढून टाकले. त्यांच्या जागी मोठाले चौकोन आले, एकेका चौकोनात अर्धं शहर मावेल एवढे. वरून कुणाचा फोन आला तर मी बघते, म्हणाल्या. पण जुना नकाशा ज्यांनी उतरवून घेतला होता, त्यांच्याकडे तो राहणारच. त्याला इलाज नव्हता. एकच होता, आणि तो पायांनी करायचा होता. एकेका खोट्या ठिपक्याच्या दारी जाऊन लोकांना सावध करायचं.

होकायंत्र आणि मी निघालो. पहिल्याच गल्लीत तो उलटीकडे वळला. "खोट्या जागीच जायचंय, चुकलो तर काय बिघडलं," तो म्हणाला. मला हसू आलं नाही, आणि त्यालाही आलं नाही.

पहिल्या ठिपक्याखालच्या घराचं दार एका बाईने उघडलं. माझ्याच वयाची असेल. हाताला पीठ, कडेवर अंगठा चोखणारी मुलगी. मी पालिकेचं ओळखपत्र दाखवलं.

"आमच्या मागे काही आहे का?" तिने विचारलं. "परवापासून लोक येऊन विचारतायत."

"काही नाही."

"मग तुम्ही कशाला आलात?"

मी मागचं अंगण बघू का म्हणून विचारलं. मोरीच्या पलीकडे गवत होतं, ओलं, गुडघाभर. एका जागी ते चेपलं होतं. वर झाडावर नुकत्याच तोडलेल्या फांदीचा पांढरा घाव होता, अजून चीक गळत होता. मी होकायंत्राकडे पाहिलं. तो काठी घेऊन गवतात शिरला, एकेक पाऊल चाचपत.

"पोरीला अंगणात सोडू नका," मी त्या बाईला म्हटलं. "आज नको. सांगते तोवर नको."

"अहो, पण काय झालंय काय? घाबरवू नका हो मला."

तिला काय काय सांगायचं, ते मी वाटेत ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता आठवेना. तिची मुलगी माझ्या हातावरचं फडकं न्याहाळत होती. कडेवरून उतरायला धडपडत होती, शेवटी आईने तिला मागच्या दाराच्या आतच खाली ठेवलं. ती भिंगरीच्याच जातीची, एका जागी न टिकणारी.

"उंबऱ्याच्या आतच राहा हं," मी तिच्यासमोर बसत म्हटलं. "मी तुला एक खेळ शिकवते. वाघ आला की काय करायचं, माहीत आहे?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"असे गुडघे पोटाशी घ्यायचे. डोकं आत. आणि कोणीही हाक मारली, आईने मारली तरी, उघडायचं नाही."

ती गोळा झाली. तिच्या आईला हसू फुटलं, पिठाचा हात तोंडावर गेला. "हे कसलं हो जनावर?"

"घट्ट," मी म्हटलं. माझी नजर कुंपणावर होती. "अजून घट्ट."